सासूबाईंची एकतीस तारीख

सासूबाईंना तपासायला डॉक्टरांकडे नेलं आणि आजारी मी निघालो.

झालं असं, की त्यांचं ब्लडप्रेशर मोजून झाल्यावर डॉक्टरांनी तोच पट्टा सहज माझ्या दंडाला गुंडाळला. आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं.

"आजींचं एकशे तीस-ऐंशी," ते म्हणाले, "आणि तुमचं एकशे सत्तर-एकशे दहा. काका, पेशंट नक्की कोण आहे?"

सासूबाई व्हीलचेअरवर बसल्या बसल्या हसल्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं तोंड किंचित डावीकडे झुकलंय, त्यामुळे त्यांचं साधं हसूही खोचक दिसतं. ते खरंच खोचक असतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पाच-सहा दिवस कुठंतरी जा," डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं. "एकटे. आजींशिवाय."

आता हे लिहायला किती सोपं! पण गेली दोन वर्षं सासूबाईंचा, म्हणजे धुरपदाबाई नावाचा हा सगळा कारभार माझ्या एकट्याच्या डोक्यावर होता. आमच्या सौ. विजयाबाई महापालिकेच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका. मी विमा कंपनीतून निवृत्त. त्यामुळे आईला आमच्या तापीकाठच्या अडाजणच्या फ्लॅटवर आणलं तेव्हा 'तुम्ही घरीच असता ना' या चार शब्दांत माझी नेमणूक झाली. जावयानं सासूची सेवा करायची, हा प्रकार आमच्या सोसायटीत कुणी पाहिलेला नव्हता. गुजराती बायका आपापल्या जावयांना घेऊन मला दाखवायला यायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मीही काम चोख ठेवलं होतं. सकाळी सहाला कोमट पाणी, सव्वासहाला गोळी, साडेसहाला व्यायाम. किती दूध घेतलं, किती पावलं टाकली, किती वेळा खोकल्या, सगळं वहीत. अशा सात वह्या भरल्या होत्या. फक्त एक गोष्ट पुढे सरकत नव्हती. पावलं. वॉकर समोर ठेवला, की दोन पावलांत त्यांचे गुडघे कापायला लागायचे आणि त्या "नको हो चंद्रकांतराव" म्हणून खाली बसायच्या. दोन वर्षांत दोन पावलं. मी ती वहीत लाल शाईनं लिहायचो.

तर प्रश्न असा, की मी गेलो तर हे सगळं कोण बघणार? विजयाच्या शाळेत परीक्षा तोंडावर आलेल्या. तिनं चहा गाळता गाळता सांगून टाकलं, "गजेंद्ररावांना बोलावू या. ते रिटायर झालेत आता."

मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे.

गजेंद्र म्हणजे माझा साडू. विजयाच्या धाकट्या बहिणीचा, रंजनाचा नवरा. भेस्तानला राहतो. डाइंग मिलमध्ये तीस वर्षं रंगाच्या वाफेत काढली. माणूस वाईट नाही, एवढं म्हणून मी थांबतो. सासूबाई हॉस्पिटलात असताना तो भेटायला आला होता, आणि त्यांच्यासाठी आणलेली मोसंबी गप्पा मारता मारता स्वतःच सोलून खाऊन गेला होता. अशा माणसाच्या हाती मी रक्तदाब, साखर आणि सात वह्यांची परंपरा सोपवायची?

"तो स्वतःच्या गोळ्या विसरतो," मी म्हणालो.

"मग चार दिवस दोघं मिळून विसरतील," विजया म्हणाली. मुख्याध्यापिकेशी वाद घालून उपयोग नसतो. तिला घंटा वाजवून विषय संपवायची सवय असते.

बातमी सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं माथेरान, कुणी म्हणालं सोमनाथ. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विपश्यनेची माहिती दिली. दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, तेवढ्यासाठी बाहेर कशाला जायचं. शेवटी सापुतारा ठरलं, कारण ते जवळ होतं आणि काही झालं तर चार-पाच तासांत परत येता येणार होतं. काहीतरी होणार, याची मला खात्री होती. थोडी आशाही होती म्हणा.

समोरच्या लीलाबेननी सर्वात मोलाचा सल्ला दिला. वाफवलेल्या डाळीच्या लोचोची वाटी माझ्या हातात ठेवत त्या हळूच म्हणाल्या, "चंदुभाई, कॅमेरो मुकावी दो ने! माझ्या बहिणीनं कामवालीसाठी बसवलाय. मोबाइलमध्ये सगळं दिसतं. आवाजपण येतो."

मला हे पटलं. पटलं म्हणजे काय, मी त्याच संध्याकाळी जाऊन लिंबाएवढा एक पांढरा कॅमेरा घेऊन आलो आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या फुलांच्या आड ठेवला. विजयानं विचारलं तेव्हा "वायफायचं यंत्र आहे" म्हणून सांगितलं. ते वायफायवर चालतं, त्यामुळे हे पूर्ण खोटं नव्हतं. सासूबाईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. पेशंटला उगीच ताण देऊ नये.

मग आडवा आला सोसायटीचा नियम. पाहुणा दोन रात्रींपेक्षा जास्त राहणार असेल तर गेटच्या अ‍ॅपमध्ये त्याची नोंद करावी लागते. मी सेक्रेटरी महेशभाईंकडे गेलो. फोटो दिला, आधारची झेरॉक्स दिली. नात्याच्या रकान्यापाशी गाडी अडली.

"साडूभाई?" महेशभाईंनी मोबाइलवर बोट फिरवत विचारलं. "साडूभाई नथी आमां. भाई छे, दीकरो छे, भाडुआत छे, घरकाम छे."

"भाऊ लिहा मग."

"आडनाव वेगळं आहे. ऑडिटमध्ये पकडतील." मग बराच विचार करून त्यांनी घोषणा केली, "येऊन काय करणार? घरकाम. मग घरकाम!"

अशा रीतीनं माझ्या साडूची नोंद घरगडी म्हणून झाली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा वॉचमननं त्याला सामानाच्या लिफ्टनं वर पाठवलं, आणि माझ्या मोबाइलवर संदेश आला, 'तुमचे घरकामगार आले आहेत.' मला वाईट वाटायला हवं होतं. मी तो संदेश दोनदा वाचला.

गजेंद्रला मी चौदा पानी सूचनापत्र दिलं. तो सोफ्यावर मांडी घालून बसला होता. "दादा, तुम्ही बिनधास्त जा," तो म्हणाला आणि पानं न चाळताच उशीखाली ठेवली. सासूबाईंनी मला नमस्कार केला, डब्यात दशम्या दिल्या आहेत का ते विजयाला विचारलं, आणि मी उंबरा ओलांडायच्या आत गजेंद्रकडे वळून म्हणाल्या, "बापू, काय खाशी रे?"

मला त्या 'चंद्रकांतराव' म्हणतात. त्याला 'बापू'. माझ्याशी त्या सावकाश, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात, आणि तो अमळनेरकडचा असल्यामुळे त्याच्याशी घरची अहिराणी. तिकडे बापू म्हणजे जावईबापूच, हे मला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं. मी साताऱ्याचा. तीस वर्षं ऐकूनही अहिराणी जरा वेगानं सुरू झाली, की माझ्या हाती 'शे' आणि 'नही' एवढंच लागतं.

सापुताऱ्याबद्दल मला कुणी काही विचारू नये. तिथे तळं आहे म्हणतात. रोपवे आहे म्हणतात. मी हॉटेलची गच्ची पाहिली. मोबाइलला रेंज फक्त तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी येत होती, म्हणून सकाळी चहा घेऊन मी टाकीला पाठ लावून उभा राहायचो तो जेवणाची घंटा होईपर्यंत. मॅनेजर दोनदा वर येऊन मला कठड्यापासून लांब उभं राहायला सांगून गेला. "घर में सब ठीक है ना, अंकल?" त्यानं फार मायेनं विचारलं.

ठीक? सगळं ठीक होतं, हेच तर दुःख होतं.

पहिल्या दिवशी साडेसहाला मी पाहिलं, सासूबाई झोपलेल्या. सातला झोपलेल्या. आठला उठल्या, तर कोमट पाणी नाही, गोळी नाही, गजेंद्रनं त्यांच्या हातात बशीभर चहा दिला आणि दोघं भुरके मारत बसले. दुपारी त्यानं वांगी भाजली. हॉलमध्ये पेपर पसरून भरीत कालवलं, वर कच्चं तेल सोडलं, मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी. माझ्या हातची मुगाची खिचडी ज्या चार चमच्यांत आटपतात त्या बाईनं दीड भाकरी खाल्ली! मी टाकीपाशी उभा राहून मोजली. गजेंद्रनं मग माझी चौदा पानं उशीखालून काढली. मला वाटलं, आता तरी वाचेल. त्यानं ती चौघडी करून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली.

आणि हसणं! दोघांचं सतत काहीतरी चालायचं. तो गावाकडच्या कुणाची तरी नक्कल करायचा आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हलायच्या. आवाज स्पष्ट येत होता, शब्द समजत नव्हते. माझं नाव मात्र दोनदा आलं. नावानंतर दोन्ही वेळा हसू आलं. आता माणसानं काय समजायचं?

मला हेवा वाटला असं मी म्हणणार नाही. मला फक्त अन्न गोड लागेना, आणि खाली तळ्यात जोडपी बोटींतून फिरताना दिसली की त्यांचाही राग यायला लागला. मी विजयाला फोन करून विचारलं, "आई खूश दिसतात का?" ती म्हणाली, "खूप. तुम्हीही मजा करा." फोन ठेवल्यावर मी रक्तदाबाची माझी गोळी घेतली. सापुताऱ्यात ती दोन वेळा घ्यावी लागत होती, असं माझं मत झालं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो प्रसंग घडला.

हॉलमध्ये गजेंद्र होता, विचारपूस करायला आलेल्या लीलाबेन होत्या, आणि शनिवारची शाळा आटपून नुकतीच आलेली विजया पर्स खुंटीला अडकवत होती. सासूबाई खुर्चीत होत्या. गजेंद्र टीव्हीत गुंग. इतक्यात सासूबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. आपल्या आपण. वॉकर कोपऱ्यात. त्यांनी गजेंद्रच्या खांद्यावर एक हात ठेवला, मग तोही काढला, आणि भिंतीच्या कडेनं निघाल्या. एक, दोन, तीन... खिडकीपर्यंत अकरा पावलं. अकरा! खिडकीशी उभ्या राहून त्यांनी खाली चाललेला भाजीवाला पाहिला.

मी त्यांचं तोंड नीट दिसावं म्हणून पडद्यावरचं एक चिन्ह दाबलं. ते चित्र मोठं करण्याचं असावं, असं मला वाटलं. ते माइकचं होतं.

"बघा, बघा!" मी त्या टाकीला उद्देशून ओरडलो. "कशी तुरुतुरु चालतेय! माझ्यासमोर दोन पावलं टाकायची तर हिचे प्राण कंठाशी येतात, आणि त्या गजूसमोर निघाली फेरफटक्याला! दोन वर्षं मी हिचं सगळं केलं ते काय उगाच? ढोंगी! साफ ढोंगी आहे ही म्हातारी!"

पडद्यावरची सगळी माणसं एकदम थिजली. मला वाटलं, रेंज गेली. मग गजेंद्रनं छताकडे पाहिलं.

"कोन बोलनं रे?" सासूबाईंचा आवाज आला.

 शेवटी लीलाबेननी, ज्यांनी मला हा कॅमेरा सुचवला त्याच लीलाबेननी, प्लॅस्टिकच्या फुलांकडे सरळ बोट केलं. "चंदुभाई बोल्या," त्या म्हणाल्या. "आमांथी."

विजया टीव्हीजवळ आली. तिचा चेहरा मोठा होत होत पूर्ण पडदाभर झाला. परीक्षेत कॉपी सापडल्यावर तिचा चेहरा कसा होत असेल, ते मला पहिल्यांदाच कळलं. "वायफायचं यंत्र," ती एवढंच म्हणाली आणि पडदा काळा झाला.

मी बारा वेळा फोन केला. उचलला नाही. पाऊण तासानं मोबाइल वाजला म्हणून झडप घातली, तर गेटचं अ‍ॅप. 'तुमच्या घरून सामान बाहेर जात आहे. एक व्हीलचेअर, एक वॉकर, दोन पिशव्या, एक ज्येष्ठ नागरिक. सोबत तुमचे घरकामगार. परवानगी द्यावी की नाकारावी?'

मी नाकारावी दाबलं.

लगेच विजयाचा फोन आला. सकाळपासूनचा पहिलाच. "आईला उन्हात गेटवर अडवून ठेवलंय," ती अगदी शांत आवाजात म्हणाली, आणि तिचा शांत आवाज फार वाईट. "ती भेस्तानला रंजनाकडे चाललीय. वॉचमन रिक्षा सोडत नाहीये. परवानगी द्या."

"विजया, मी आत्ता निघतो. त्यांना सांग, मी तसं..."

"परवानगी द्या."

मागून महेशभाईंचा आवाज येत होता, नियम एटले नियम. आणि त्याहून हलका सासूबाईंचा. मी ऐकायचा प्रयत्न केला. त्या वॉचमनला म्हणत होत्या, "अरे बाबा, मला जाऊ दे. मी काही चोरून नेत नाही."

मी परवानगी दिली. एक बोट टेकवलं आणि दोन वर्षं गेटबाहेर गेली.

संध्याकाळी मी घरी पोचलो. हॉलमधला पलंग रिकामा, चादर घडी घातलेली. तिच्यावर तो कॅमेरा ठेवलेला, वायर व्यवस्थित गुंडाळून. विजयानं जेवायला वाढलं, पण वाढण्याचा आवाज सोडून दुसरा आवाज केला नाही.

त्यानंतरचे अकरा दिवस मला डॉक्टरांनी सांगितलेली संपूर्ण विश्रांती मिळाली. सकाळी सहाला जाग यायची आणि उठून करायला काही नसायचं. मी कोमट पाणी करायचो आणि स्वतःच प्यायचो. सोसायटीत बायका मला पाहून हळू बोलायच्या. ज्या जावयांना माझा दाखला देऊन पिडलं होतं, ते आता जिन्यात भेटले की फार प्रसन्न हसायचे. लीलाबेन लोचो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चंदुभाई, माइकचं बटण लाल असतं, तेवढं बघायचं ना!"

भेस्तानहून बातम्या विजयामार्फत येत. आई गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आईनं स्वतः मेथी निवडली. प्रत्येक बातमी चांगली होती आणि प्रत्येक बातमी मला टोचायची. त्यांनी बरं व्हावं म्हणून दोन वर्षं मी हाडं झिजवली, आणि त्या बऱ्या होत होत्या तर मला आनंद का होत नव्हता? एका सकाळी मी हा प्रश्न स्वतःला दाढी करताना विचारला आणि गाल कापून घेतला. उत्तर इतकं लाजिरवाणं होतं, की मी तसाच स्कूटर काढून उधन्याच्या बाजूनं भेस्तानला निघालो.

गजेंद्रच्या घरासमोर गल्लीत सासूबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उन्हाला पाय करून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. म्हणजे मी अजून जावई होतो. मी शेजारी पायरीवर बसलो. पाया पडायला वाकलो तर गालावरची पट्टी पाहून त्यांनी विचारलं, "काय लागलं?"

"दाढी करताना. आई, मी जे बोललो..."

"ढोंगी म्हणालात."

"हो. चुकलं माझं."

 "तुम्ही खरं बोललात, चंद्रकांतराव," त्या म्हणाल्या. "मला चालता येत होतं. पुष्कळ नाही, पण येत होतं. दिवाळीपासून. तुम्ही आंघोळीला गेलात, की मी उठायची. मोरीपर्यंत जाऊन यायची."

 दिवाळीपासून मी वहीत 'दोन पावलं' लिहीत होतो!

"मग माझ्यासमोर का नाही?"

"तुम्ही माझ्याकडे कसं बघता, ठाऊक आहे? चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं. आता उतू जाईल, आता उतू जाईल. तुम्ही तसं बघितलं, की माझेच पाय थरथरायचे. वाटायचं, पडले तर हा माणूस मरेल. बापू कुठं बघतो? त्याला टीव्हीतली मारामारी बघायची असते. त्याच्यासमोर पडले तरी त्याला जाहिरात लागल्यावर कळेल."

म्हणजे माझ्या साडूनं दोन वर्षांचं काम तीन दिवसांत केलं, ते निव्वळ लक्ष न देऊन. यावर मला फार बोलायचं होतं, पण त्या पुढे म्हणाल्या, "डॉक्टरांनी तुम्हाला सुट्टी लिहून दिली तेव्हा तुमच्यापेक्षा मलाच बरं वाटलं. सहा वाजताचं ते कोमट पाणी..." त्यांनी तोंड वाकडं केलं. या वेळी ते खरंच खोचक होतं. मग त्यांनी पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली. "पण तुम्ही मला म्हातारी म्हणून ओरडलात ते लागलं. ढोंगी चालेल. चोरून बघितलंत, ते नाही चालणार. माझ्या घरात मला कोणी असं बघितलं नव्हतं."

 मी म्हटलं, "कॅमेरा मी तापीत टाकतो."

"टाकू नका. लीलाबेनला द्या. तिला हौस आहे."

तेवढ्यात गजेंद्र बाहेर आला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि, देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं. त्याचे डोळे खोल गेले होते. "दादा, आलात!" तो म्हणाला आणि आईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला पानाच्या टपरीपर्यंत घेऊन गेला. "यांच्या गोळ्या माझ्याकडून दोनदा राहिल्या हो. पाय सुजले. डॉक्टर माझ्यावर ओरडला. रंजना ओरडली. आणि रोज मला काय ऐकावं लागतं? चंद्रकांतराव असं नाही करत. चंद्रकांतराव उशी अशी ठेवतात. चंद्रकांतरावांना न सांगता समजतं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मी लगेच ओळखली. अकरा दिवस आरशात मी तिच्यासमोरच दाढी करत होतो.

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी ठेवलाही. पण मनात पुन्हा पुन्हा ते वाक्य घोळवत होतो. न सांगता समजतं!

वाटाघाटी तिथेच, त्यांच्या ओसरीवर झाल्या. पंधरा दिवस भेस्तान, पंधरा दिवस अडाजण. एवढं ठरायला पाच मिनिटं लागली आणि तपशिलाला तीन तास. मी महिन्याचा पहिला पंधरवडा मागितला. गजेंद्र आखाजी सोडायला तयार नव्हता, कारण खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, लेकीबाळी तेव्हाच माहेरी येतात. मी आखाजी दिली आणि दिवाळी घेतली. मी कोमट पाणी नऊ वाजता देण्याचं कबूल केलं. त्यानं गोळ्यांचा डबा टीव्हीवर ठेवायचं कबूल केलं, कारण तेवढ्याच ठिकाणी त्याचं लक्ष जातं. वह्या बंद. मी फार ओढाताण करून रक्तदाबापुरती एक वही राखली. गेटच्या अ‍ॅपमध्ये त्याला 'भाऊ' करायचं, मग महेशभाई ऑडिटमध्ये अडकले तरी चालतील.

सगळं झाल्यावर रंजना चहा घेऊन आली आणि तिनं सहज विचारलं, "आणि एकतीस तारीख?"

आम्ही दोघंही थांबलो. मी म्हटलं, दुसऱ्या पंधरवड्याला गजेंद्रला एक दिवस जास्त मिळणं बरोबर नाही. तो म्हणाला, मग फेब्रुवारीत त्याचे दोन दिवस बुडतात त्याचं काय? मी म्हटलं, ते निसर्गाचं आहे. आवाज चढले. तो पायरीवरून उठला, मीही उठलो. साठीतले दोन जावई एका सासूच्या एका दिवसासाठी भेस्तानच्या गल्लीत भांडताहेत, हे पाहायला समोरच्या चाळीतली माणसं दारात आली.

"बसा दोघं," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही बसलो.

"एकतीस तारीख माझी. त्या दिवशी मी तुझ्याकडे नाही, यांच्याकडेही नाही. मी गोडादऱ्याला अनुसयाकडे जाईन."

अनुसयाबाई म्हणजे कोण, हे रंजनानं आम्हाला सांगितलं. आईची जुनी शेजारीण. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये दोघींनी बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून काढली होती. आई आजारी पडल्यावर त्या दोनदा अडाजणला आल्या होत्या, पण तेव्हा मी पेशंटच्या विश्रांतीची वेळ आहे म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. हे मला आठवत नव्हतं. सासूबाईंना आठवत होतं.

"आम्ही सोडायला येऊ," गजेंद्र म्हणाला.

"सोडा. आणि जा."

मार्चच्या एकतीसला आम्ही दोघांनी मिळून त्यांना गोडादऱ्याला नेलं. मी गोळ्या घेतल्या होत्या, त्यानं भरीत. अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या. हाडकुळ्या, नाकात मोठी नथनी, एका डोळ्याला हिरवी पट्टी, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी सासूबाईंचा हात धरला, आमच्या हातातली गोळ्यांची पिशवी आणि भरीताचा डबा घेतला आणि आम्हाला म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला या."

दार लागलं.

आम्ही समोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बाकावर बसलो. जायचं कुणालाच सुचेना. आजूबाजूला लूम खडखडत होते, तरी त्यातून मध्येच आतलं हसणं ऐकू यायचं. नुसतं हसणं नव्हे. सासूबाई गात होत्या! दोन वर्षं माझ्या घरात राहिल्या, चौदा दिवस त्याच्या घरात, आणि कुणाला माहीत होतं त्या गातात म्हणून?

"दादा," गजेंद्र म्हणाला, "तुमच्यापुढे कधी गायल्या?"

"नाही. तुमच्यापुढे?"

"नाही."

आम्ही चहा प्यायलो. त्यानं काचेचा ग्लास जरा जोरातच ठेवला. "त्या बाईचा एक डोळा बंद आहे," तो म्हणाला. "तिला गोळ्यांवरची अक्षरं तरी दिसतात का? मी म्हणतो, एवढं काय आहे तिच्यात?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात, गजेंद्रराव," मी म्हणालो. तीस वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तेवढ्यात दार उघडलं. उंबऱ्यात सासूबाई उभ्या होत्या, चौकटीला एका हातानं धरून, वॉकरशिवाय. आम्ही दोघं एकाच वेळी बाकावरून अर्धे उठलो. त्यांनी रस्त्यापलीकडे आमच्याकडे पाहिलं, डोकं हलवलं आणि दाराचा पडदा ओढून घेतला.

आतून पुन्हा हसू ऐकू आलं. या वेळी नक्की आमच्यावर होतं.

गजेंद्र खाली बसला. मीही बसलो. सहा वाजायला अजून साडेचार तास होते. त्यानं लारीवाल्याला आणखी दोन अर्धे चहा सांगितले.